वाघळांचा तुकडा

चैत्र सरता सरता ओहोळातला डोह आटला. तो दर वर्षीच आटायचा, पण वैशाखाच्या शेवटी. तोवर गुरांपुरतं आणि धुण्यापुरतं पाणी राहायचं. या वर्षी वरच्या अंगाला बंगल्यांचे प्लॉट पडले होते, प्लॉटागणिक बोअर मारली होती, आणि डोहाच्या तळाचा चिखल तडकून त्याच्या खपल्या उभ्या राहिल्या होत्या. गिरजा त्या खपल्या कुदळीच्या टोकाने उचकटून पाटीत भरत होती. राबावर हा गाळ पडला की भाताची रोपं जोमाने उठतात, हे तिला सासूने शिकवलेलं.

"भर, भर," काठावरून कान्हा म्हणाला. "पाणी गेलं तं गेलं. गाळ तरी आपला."

कान्हा तिचा नवरा. गुडघे गेल्यापासून तो कामावर यायचा तो बोलायला.

"तुमच्या तोंडात भरू काय थोडा?" गिरजा म्हणाली, पण हळू. डोहाच्या काठी दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे.

काठावर एक वड होता आणि दोन अर्जुनसादडे, आणि त्यांच्यावर वाघळं. फांदीफांदीला लटकलेली, तांबड्या मानेची, कोल्ह्याच्या तोंडाची मोठी फळखाऊ वाघळं. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या हद्दीला टेकलेल्या या वाडीचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण बाजारात तिला सगळे वाघळाची वाडीच म्हणत. वाडीची मुलगी सासरी गेली की पहिल्याच दिवशी तिथले विचारत, "निजायला गोधडी लागंल, का आढ्याला टांगू?" वाडीत फटाके फुटत नसत. वरात आली की बाजा ओहोळाच्या अलीकडे गप्प व्हायचा, नवरा-नवरी मुकाट झाडांखालून चालत जायची, आणि पुढे गेल्यावर पुन्हा ढोल. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

झाडांखालचा तुकडा कान्हा आणि त्याचा पुतण्या धनेश यांच्या सामाईक नावावर होता. कान्हाच्या आज्याने गावापुढे शब्द दिला होता की वाघळं आहेत तोवर या तुकड्याला नांगर लागणार नाही आणि तो विकला जाणार नाही. नांगर लागला नाही तरी तुकडा रिकामा नव्हता. ज्येष्ठात डोंगरातल्या मोहांची फळं पिकली की वाघळं रात्रभर तिकडे हिंडत, पहाटे फळं तोंडात धरून परत येत, गर चोखून बी खाली टाकत. गिरजा त्याआधी झाडांखालची जमीन शेणाने सारवून ठेवायची. मग वाडीतल्या बायका सकाळी येऊन, खळ्यातलं धान्य गोळा करावं तशा त्या बिया झाडून घ्यायच्या. त्यांचं तेल दिव्याला, डाळीच्या फोडणीला आणि कान्हाच्या गुडघ्यांना वर्षभर पुरायचं. वेचायला सगळ्या, सारवायचं मात्र त्या घरच्या सुनेने. गिरजा सून होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात चुलीआधी शेणाची पाटी दिली होती.

गाळाची पाटी डोक्यावर घेताना तिने वर पाहिलं. आदल्या वर्षी प्लॉटांकडे विजेची तार नेताना सादड्यांच्या एका बाजूच्या फांद्या छाटल्या होत्या आणि काठावरची जांभळींची रांग तोडली होती. त्या बाजूने ऊन थेट आत घुसत होतं. तिथली वाघळं सरकून दुसऱ्या बाजूला आली होती, एसटीत माणसं सरकून बसतात तशी.

त्याच आठवड्यात ऊन चढलं. सकाळची भाकरी होईतो पत्र्याला हात लावता येईना. कोंबड्या चोची उघड्या टाकून पडवीत आल्या. दुपारी गिरजा गाळ आणायला गेली आणि पाटी तशीच काखेत धरून उभी राहिली.

उन्हाळ्यात वाघळं पंखांनी वारा घेतात, हे ती दर वर्षी बघायची. आज ती पंख हलवत होती, मनगटं चाटत होती, तोंडं उघडून धापा टाकत होती, आणि फांद्यांवरून सरकत खोडाकडे, खाली खाली येत होती. एकमेकांना चिकटून, झुंबड करून. बहुतेक माद्यांच्या पोटाशी पिल्लं होती. त्यांतलं एक वाघूळ बघता बघता सुटलं आणि पिकला फणस पडावा तसं खाली आलं. मग दुसरं.

तिने धावत जाऊन माणसं बोलावली. धनेश आला. आटगावच्या गोडाऊनमधलं काम सुटल्यापासून तो घरीच होता. वाडीतली सगळ्यांत जुनी बाई भागीआजी, तीही पदर डोक्यावर ओढून काठी टेकत आली.

"आजी, ही मरतील गो," गिरजा म्हणाली.

"सांज होऊ दे. निजल्या वाघळाला हात नाय लावायचा."

"सांजेला ऱ्हाईल कोन?"

धनेशने वर पाहिलं. "काकी, फवारा मारू? म्हशीवर मारतो तसा. पंप हाय, पाइप पोचंल हितवर."

"नको रे," भागीआजी म्हणाली. "दिवसा नको."

"पान्यानं कोन मरतं काय आजी?" कान्हा म्हणाला.

सगळे गिरजाकडे बघू लागले. तुकड्याचं तीच बघायची.

"मार," गिरजा म्हणाली.

पंप सुरू झाला. विहिरीच्या गार पाण्याची धार सळसळत वर गेली आणि झुंबडीच्या मधोमध बसली. एक क्षण काहीच झालं नाही. मग झाडं उठली. वड आणि दोन्ही सादडे एकदम मोकळे झाले आणि आभाळ भरलं. दिवसाउजेडी उडणारी वाघळं गिरजाने कधी पाहिली नव्हती. त्यांच्या पंखांतून ऊन आरपार येत होतं, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. ती किंचाळत झाडांभोवती फिरत होती, बसायला बघत होती, आणि पाण्याची धार पुन्हा त्यांना उठवत होती.

पहिलं वाघूळ उडता उडता पडलं ते राबाच्या कडेला. मग शेतात, बांधावर, पत्र्यांवर, विहिरीत पडू लागली. धनेशला वाटलं पाणी कमी पडतंय. त्याने पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धार आणखी उंच नेली.

"बंद कर!" गिरजा ओरडली. पंपाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा वाडीतली माणसं डालग्या आणि घमेली घेऊन शेतातून फिरत होती. काही पिल्लं मेलेल्या आईला घट्ट धरून होती. बोटं सोडवली की लहान मुलासारखा आवाज करीत. गिरजाने त्यातली काही पाटीत फडक्यावर ठेवली, कापसाने दूध पाजलं. सकाळपर्यंत एकही राहिलं नाही. त्याच संध्याकाळी जी थोडी वाघळं उरली होती ती नेहमीच्या वेळी उठली, ओहोळावरून नेहमीसारखी गेली, आणि परत आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी आली. तिच्यातून एक मुलगी उतरली, भूमिका नावाची. हातमोजे, तोंडाला फडकं, बारीक नळ्यांची पेटी. तिने काही वाघळांचे नमुने घेतले. खड्डा खोल घ्यायला सांगितला, वर चुना टाकायला सांगितला, आणि चुना पसरायला स्वतः हात लावला. धनेश खड्डा खणत होता. तो कालपासून कुणाशी बोलला नव्हता.

"म्याडम, रोग हाय काय?" कान्हाने विचारलं.

"तपासणी होईल. मला तरी उन्हाचंच वाटतंय. पण कुणी उघड्या हाताने उचलू नका, काका."

गिरजा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "आमी पानी मारलं," ती म्हणाली.

भूमिकाच्या हातातली नळी थांबली. "किती वाजता?"

"ऊन डोक्यावर होतं."

"उडाली सगळी?"

"सगळी."

भूमिकाने नळीचं बूच लावलं. "हवा इतकी तापली की ती स्वतःला कशीबशी सांभाळून असतात, मावशी. हलत नाहीत, सावली धरून राहतात. उडालं की आतली उष्णता वाढते, ती मग बाहेर जात नाही. तसं नसतं झालं तर काही वाचली असती." थोड्या वेळाने ती म्हणाली, "सगळी नाही. काही."

"आता परत कवा वाढतील?"

"एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं," भूमिका म्हणाली, आणि पुढच्या नळीवर आकडा लिहू लागली.

तपासणीत रोग निघाला नाही, पण तो निरोप यायच्या आधी बातमी बाजारात पोचली होती. डेअरीवाल्याने वाडीचं दूध बाजूला ठेवलं. गिरजा किन्हवलीच्या बाजारात कैऱ्या घेऊन बसली, तर शेजारची भाजीवाली म्हणाली, "वाघळाच्या वाडीची ना गो तू? जरा लांब बस. माझं गिऱ्हाईक बिचकतंय." गिरजा पाटी उचलून गटाराच्या कडेला जाऊन बसली. संध्याकाळी पाटी तशीच घरी आणली आणि म्हशीपुढे ओतली.

पावसाच्या तोंडाला धनेश भागीआजीच्या पडवीत बैठकीला उभा राहिला. प्लॉटवाल्यांना तो तुकडा हवा होता. ओहोळाला लागून, रस्त्याला लागून.

"माझा अर्धा मी विकणार," तो म्हणाला. "आटगावला स्टेशनजवळ गाळा घेतो, टायर-पंक्चरचं टाकतो. पण दोघांची सही लागते."

"आज्याचा शबूद हाय," कान्हा म्हणाला.

"वाघळं हायत तोवर, असा शबूद हाय. कुठं हायत?"

"येतील," गिरजा म्हणाली.

धनेश तिच्याकडे वळला. "काकी, गाळा-बिळा सोड. मी सकाळी विहिरीवर जातो तं ती झाडं समोर येतात. मला ती जागा बघवत नाय. तुला बघवते?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मग भागीआजीने तोडगा काढला. मोह फुलला की वाघळं डोंगर धुंडाळतात. यायची असतील तर मोहाच्या वासाने येतील. येत्या होळीपर्यंत वाट बघायची. होळी पेटायच्या आत एक जरी वाघूळ झाडाला लागलं तर शब्द कायम. नाहीतर होळीपुढे कान्हा आणि गिरजाने हो म्हणायचं, आणि मग सही.

"कबूल?" तिने विचारलं.

"कबूल," धनेश म्हणाला.

"कबूल," गिरजा म्हणाली.

त्या ज्येष्ठातही तिने तुकडा सारवला. कान्हा म्हणाला, "सारवतेस कुनासाठी?" ती म्हणाली, "जमिनीसाठी." सकाळी जाऊन बघायची तर सारवण कोरं. वाळलेली पानं आणि मुंग्या. मग इतर बायकांबरोबर तीही डोंगरात बी वेचायला गेली. झाडाखाली पडलेली निम्मी फळं किडलेली, कुजलेली. एकेका मोहासाठी टेकडी चढायची, काट्यांत हात घालायचे. दुपारपर्यंत पाटीचा तळ झाकायचा. तेल निघालं ते दिवाळीआधीच संपलं.

रोपांची आवणी झाली, तणाची बेणणी झाली, भात पोटरीला आला. हातांना कामं होती, कानांना नव्हती. दिवस मावळायच्या सुमाराला आधी झाडांत कुरबुर सुरू व्हायची, भांडणं, पंखांची फडफड. मग एक उठायचं, मग दहा, आणि ओहोळावरून काळी धार डोंगराकडे जायची. ती धार दिसली की गिरजा दिवा लावायची. आता दिवा राहून जायचा. कान्हा अंधारात बसून विचारायचा, "आज काय आमावस्या हाय घरात?" तेव्हा ती उठायची. झाडांखालचा तो उग्र, आंबूस वास पावसाने धुऊन नेला होता. भर पावसात तिने एकदा वडाच्या खोडाला नाक लावून पाहिलं. नुसती ओली साल.

दिवाळीत वाडीत पहिल्यांदा फटाके वाजले. पोरं आधी तिच्या दारात आली, माळ मागे लपवून. "आजी, आता चालतंय ना?"

"चालतंय," गिरजा म्हणाली, आणि दार ओढून घेतलं. भात झोडताना, वाल पेरताना, वालाच्या शेंगा तोडताना ती मधूनच पाठ सरळ करून आभाळाकडे बघायची. बगळे असत, कावळे असत.

माघ संपला. मोहाची पानं झडली आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके आले. होळी तोंडावर आली.

किन्हवलीच्या बाजारात ती वालाची रास मांडून बसली होती. एक बाई वाल निवडता निवडता सोबतिणीला सांगत होती, "लुगडी वाळत घालायची सोय नाय बघ. घालावं तं वर घाण. वर्ष व्हत आलं, गेल्या वैशाखापासून. कुठून आलीत कोन जाने. आमच्या झाडाला कवाच नव्हती."

गिरजाच्या हातातलं माप तसंच राहिलं. "काय गो, बाई? कसली घाण?"

"वाघळं. ही एवढाली."

"कुठं?"

"सापगावला. नदीवर." बाईने तिच्याकडे पाहिलं. "का गो?"

"नाय. असंच," गिरजा म्हणाली, आणि तिला मापावर मूठभर वाल जास्त घातले.

दुसऱ्या दिवशी तिने कान्हाला सांगितलं की आटगावला भावनाकडे जाऊन येते. भावना त्यांची लेक. किन्हवलीहून एसटीने शहापूर, तिथून रिक्षाने सापगाव. पुलाजवळ उतरली आणि कुणाला विचारावं लागलं नाही. वारा नदीकडून आला आणि त्यात तो वास होता.

काठाला उंच करंज होते, एक दाट वड होता. खाली भातसेचं पाणी, संथ, सावलीत हिरवं. आणि झाडं भरलेली. गिरजा पदर तोंडाशी धरून उभी राहिली. पंख अंगाभोवती लपेटून ती निजली होती. मधूनच एखादं पंख उघडी, पोटाशी चिकटलेलं पिल्लू चाटून पुन्हा झाकून घेई. ही सगळी आपलीच, की आणखी कुठली येऊन मिसळलेली, हे सांगायला काही खूण नव्हती. वाघळाला कुणी नाव ठेवत नाही. पण एक फांदी खाली झुकली होती, आणि तिच्यावर जागेसाठी चाललेली ती कुरकुर ऐकताना तिचा पदर तोंडावरून खाली आला.

"आलीस?" मागून आवाज आला. कालचीच बाई, डोक्यावर धुण्याचा पिळा. "मला वाटलंच होतं. तुझा चेहराच तसा झाला होता काल. कुठली तू?"

"किन्हवलीच्या पुढं. वाघळाची वाडी."

बाई हसली. तिचं नाव मालू. झाडं तिच्या दिराच्या वाड्याला लागून होती. "मंग तुझी हायत, तं घेऊन जा की बाई! नायतर उद्या आमचे पुरुष हाकलतीलच. उद्या सुट्टी हाय, सगळे घरी. सुतळी बॉम्ब आनलेत. दुपारी लावायचे, एकदम. माझी सून पोटुशी हाय, लोक काय काय बोलतात रोगाचं. नको ती ब्याद."

"उद्या?"

"उद्या."

गिरजा वडाच्या मुळीवर बसली. उद्या. होळी परवा. इथून उठली तर कुठे जातील? मोह फुललाय. डोंगराची वाट त्यांना ठाऊक आहे. उरतील ती ओहोळावरून येतील; परवा दिवस मावळायच्या आत एक जरी सादड्याला लागलं तरी पुरे. भागीआजीचा शब्द होता, एक जरी. तिला काही करायचं नव्हतं. फक्त उठायचं, रिक्षाला हात करायचा.

"चहा घेतेस?" मालूने विचारलं.

"नको. गाडी चुकंल."

ती चालू लागली. पुलावर आली. ऊन तापलं होतं, फाल्गुनातच डांबर मऊ लागत होतं. रिक्षा आली, थांबली. "शहापूर?" रिक्षावाल्याने विचारलं. ती कठडा धरून उभी होती. पुलावरून झाडं नुसती काळी दिसत होती, पण पंख हलताना दिसत होते. वारा घेत होती ती. एवढ्या उन्हाला, एवढ्या लवकर.

"बसताय का मावशी? नायतर जातो."

"जा तू," ती म्हणाली.

मालू काठावर धुणं आपटत होती. गिरजा तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसली.

"उद्या दुपारी नको लावू," ती म्हणाली. "उन्हात उठली की मरतात. सगळीकडं पडतील. तुझ्या वाड्यात, नदीत, पत्र्यावर. मंग उचलत फिरशील."

"तुला कसं ठाव?"

"आमी तेच केलं. गार व्हावी म्हनून पानी मारलं. माझ्या सांगन्यावरून." ती पाण्याकडे बघत होती. "पोरं आईला सोडत नाय गो मेल्यावर पन. बोटं एकेक करून काढावी लागतात."

मालूचा हात थांबला. "आन रोग?"

"तपासलं तवा नाय निघाला. पन उष्टं फळ खायचं नाय, मेलेलं हातानं उचलायचं नाय, विहीर झाकून ठेवायची. आमची माझ्यासकट किती बाळंतपणं झाली त्या झाडांच्या शेजारी."

"आन वास? वासाचं काय करू?"

"वासाला काय करनार. पावसात कमी व्हतो." ती थांबली. "नंतर नाय आला की घर दुसऱ्याचं वाटतं."

मालूने पिळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. तिचं मन अजून वळलेलं नव्हतं. "तुला सोपं वाटतं सगळं. आमाला काय उपेग त्यांचा?"

गिरजाने पदराने हात पुसले. मग तिने मोहाच्या बियांचं सांगायला सुरुवात केली. ज्येष्ठ लागायच्या आधी झाडांखालची पानं लोटून टाक. शेण पातळ कर, पण फार नको, बी रुतते. उतारावर जरा जाड सारव. सकाळी ऊन वर यायच्या आत झाडून घे, नंतर मुंग्या धरतात. बी धुऊन घे, चांगली सुकव, मगच फोड. ती बोटाने काठच्या मातीवर कड आखून दाखवत होती, आणि मालू गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती.

"रानात जायाला नको?" मालूने विचारलं.

"ती जातात ना. आपन कशाला जायचं?"

मालू हसली. मग उठून वाड्याकडे गेली. बराच वेळ आतून पुरुषांचे आवाज येत होते, एक चढा, एक खालचा. मग मालूचा, दोघांच्या वर. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

"दीर वटवट करतोय. पन पावसापर्यंत तरी नाय लावत म्हनतो. पुढचं पुढं." तिने कप पुढे केला. "बी नाय पडली तं मी तुझ्या वाडीला येऊन भांडेन, सांगून ठेवते."

"ये," गिरजा म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा कान्हा पडवीत बसला होता. ती जवळून आत जाताना त्याने मान वर केली. तिच्या लुगड्याला तो वास होता. तो नुसता तिच्या मागे, आत, अंधारात बघत राहिला.

होळीच्या दिवशी वाडीच्या मधोमध लाकडं रचली. मोहाचा दांडा उभा केला, बायकांनी नैवेद्य आणले. दिवस डोंगराला टेकला तसे सगळे आपोआप ओहोळाकडे बघू लागले. आभाळ तांबडं झालं, मग राखी झालं. सादड्यांच्या फांद्यांतून चांदणी दिसली.

भागीआजीने काठी आपटली. "गिरजे, तू बाजाराला जातेस, लेकीकडं जातेस. कुठं दिसली काय गो? कुनी बोललं?"

सगळे तिच्याकडे वळले.

"कळलं तं आमी जाऊ की," एक तरणा पोरगा म्हणाला. "ढोल घेऊन, फटाके घेऊन. हाकून आनू."

"रातोरात आनू!" दुसरा म्हणाला, आणि पोरांत एकदम हुरूप आला.

धनेश पुढे आला. वर्षभरात तो वाळला होता. "काकी, कुठं हायत असं नुसतं म्हन. मी आजून एक वरीस थांबेन. तुझ्या गळ्याची आन." आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला पन कळू दे, थोडी तरी वाचली का."

गिरजाने त्याच्याकडे पाहिलं. हे तिने गृहीत धरलं नव्हतं. त्याला सांगावंसं वाटलं, त्या एकट्याला, हात धरून. पण भोवती सगळी वाडी होती, आणि पोरांनी ढोल खांद्याला लावलेच होते. तिच्या जिभेपर्यंत नदीचं नाव आलं आणि तिने ते गिळलं.

"नाय," ती म्हणाली. "कुठंच नाय दिसली."

धनेशची मान खाली गेली.

"मंग?" भागीआजीने विचारलं.

"सही करू आमी. वीक तू, धनेश."

होळी पेटली. ढोल वाजू लागले. आता अडवणारं कुणी नव्हतं. माणसं ज्वाळांभोवती फिरू लागली आणि गिरजा मागे, उजेडाच्या कडेला उभी राहिली. कान्हा एकेक पाऊल मोजत तिच्याशेजारी आला. त्याच्या हातात होळीत टाकायचा नारळ होता. तो समोर बघत होता.

"बरी हायत?" त्याने विचारलं.

गिरजाने पदर तोंडाशी नेला.

"झाड भरलंय," ती म्हणाली. "खाली पानी हाय."

"पोरं?"

"पोटाशी हायत."

कान्हाने मान हलवली. मग नारळ छातीशी धरून तो धनेश उभा होता तिकडे निघाला, लंगडत. जवळ जाऊन त्याने पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.